पाच दिवस, दोन कनू आणि एक बंदूक: बेत थोडा आवरा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "आम्ही चौघं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्समध्ये कनू (वल्ह्याच्या निमुळत्या नावा) घेऊन पाच दिवस राहायला जायचं म्हणतोय. मी आणि माझा मित्र एच-१बी व्हिसावर मिनिआपोलिसला आहोत. तिसरा ऑफिसातला सहकारी, इथलाच, बरीच वर्षं शिकार करणारा, स्वतःची शॉटगन असलेला. चौथा माझा भाऊ, साताऱ्याहून व्हिजिटर व्हिसावर येतोय. लेक वनवरून सुरुवात करून पहिल्या दिवशी लेक इन्सुला, दुसऱ्या दिवशी अ‍ॅलिस लेक आणि मग परत, असा विचार आहे. जेवणाचं ओझं कमी करायला मासे आणि ग्राउज पक्ष्यांवर भागवायचं. मित्राला पोहता येत नाही. बंदूक आम्ही सगळेच आळीपाळीने वापरू. काय काय न्यावं?"

काय न्यावं हे सांगतोच, पण त्याआधी तुमच्या बेतातल्या तीन गोष्टी बदलायला हव्यात: बंदूक आळीपाळीने वापरणं, पहिल्याच दिवशी इन्सुला गाठणं आणि शिकारीच्या भरवशावर शिधा कमी करणं. यातली पहिली गोष्ट कायद्याची आहे, आणि तिच्यात चूक झाली तर ती सहल संपल्यावरही तुमचा पिच्छा सोडणार नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे (शीर्षक १८, कलम ९२२) नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. एच-१बी, एच-४, विद्यार्थी व्हिसा, व्हिजिटर व्हिसा हे सगळे त्यात येतात. ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम लागू नाही. 'जवळ बाळगणं' म्हणजे बंदूक विकत घेणं एवढंच नव्हे. सहकाऱ्याची बंदूक फोटोपुरती हातात धरणं, पोर्टेजवर, म्हणजे दोन तळ्यांमधल्या पायवाटेवर, त्याच्याऐवजी आपण उचलून नेणं, नेमबाजीच्या रेंजवर चार गोळ्या मारून बघणं, हे सगळं त्यात येऊ शकतं. या मनाईला मोजके अपवाद आहेत. तुमच्या कामाचा अपवाद हा की अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना तुमच्याकडे असला पाहिजे. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात. हा क्रम उलटा करू नका. परवान्याची छापील प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अंगावर ठेवा, कारण तिथे फोनला रेंज नाही आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते.

परवाना काढताना दुसरी अट समोर येते. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना शिकारीचा परवाना काढण्यासाठी बंदूक-सुरक्षेच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर 'अप्रेंटिस हंटर' या नोंदीसह स्मॉल गेमचा, म्हणजे लहान प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीचा, परवाना निघतो. त्यात तुम्ही परवानाधारक प्रौढ शिकाऱ्याच्या सोबतीनेच शिकार करायची. सोबत म्हणजे तो डोळ्यांसमोर असला पाहिजे आणि साध्या आवाजात बोललेलं त्याला ऐकू गेलं पाहिजे. त्याचा स्वतःचा परवाना अप्रेंटिसचा नको. तुमच्या सहकाऱ्यामुळे ही अट भागते. तुम्ही आणि मित्र याच वाटेने जा. भावाने मात्र बंदुकीपासून पूर्ण लांब राहावं. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने व्हिसावर असली जोखीम घ्यायचं काही कारण नाही. त्याला गळ टाकू द्या, तो तिथे जास्त रमेल. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, आणि बाहेरच्यांसाठी थोड्या दिवसांचे परवानेही मिळतात.

आणखी एक. सहल आवडली म्हणून परतल्यावर स्वतःची बंदूक घ्यावीशी वाटेल. मिनेसोटाचा परवाना फेब्रुवारीअखेर संपतो. १ मार्चला घरात बंदूक आहे आणि नवा परवाना नाही, तर ज्या अपवादावर तुम्ही उभे होतात तोच गेला. व्हिसावर असेपर्यंत बंदूक सहकाऱ्याच्याच घरी, त्याच्याच कुलपात राहू द्या. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर या सगळ्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन करा. इथे गुन्हा नोंदला गेला तर प्रश्न दंडापुरता राहत नाही.

आता जागेचं. बाउंडरी वॉटर्स हा सुपीरियर नॅशनल फॉरेस्टचा कॅनडाच्या सीमेला लागून असलेला भाग. शेकडो तळी, आणि दोन तळ्यांच्या मध्ये कनू डोक्यावर घेऊन चालायच्या पायवाटा, म्हणजे पोर्टेज. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्रीच्या मुक्कामाचे परवाने प्रवेशद्वारानुसार मोजून दिले जातात. आरक्षण जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी उघडतं. लेक वन हे ३० नंबरचं प्रवेशद्वार, आणि लोकप्रिय. सप्टेंबरअखेर गर्दी ओसरलेली असते, रद्द झालेले परवानेही परत येत राहतात, तेव्हा आज नाही मिळाला तर रोज बघत राहा. आरक्षण करताना गटप्रमुखाचं नाव द्यावं लागतं, पर्यायी प्रमुखांची नावंही देता येतात, आणि परवाना त्यांच्यापैकीच कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन घ्यायचा असतो. तुमच्या एकट्याच्या नावावर परवाना आणि त्याच आठवड्यात तुम्हाला ताप, असं झालं तर बाकीचे तिघं एलीच्या (तिथल्या जवळच्या गावाच्या) रेंजर स्टेशनवरून परत येतील. पर्यायी नावांत सहकारी आणि मित्र दोघांनाही घाला. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं आणि ४ नावा चालतात, तुम्ही त्यात आरामात बसता. डबाबंद अन्न आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी आहे, म्हणजे लोणच्याची बरणी घरीच.

मार्गाबद्दल स्पष्ट सांगतो: इन्सुला सोडा, अ‍ॅलिस तर सोडाच. लेक वन ते लेक टू मध्ये दोन पोर्टेज आहेत, एक साधारण ३० रॉडचं, दुसरं ४० रॉडच्या आसपास, आणि दोन्हींच्या मध्ये एक छोटं डबकं. रॉड हे इथल्या नकाशांवरचं माप, साडेसोळा फूट, म्हणजे पाच मीटर धरा. दीडशे आणि दोनशे मीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण पहिल्यांदा जाणाऱ्या गटाचं सगळं सामान एका फेरीत उतरत नाही. दोन फेऱ्या म्हणजे एकदा ओझं घेऊन जा, रिकामे परत या, पुन्हा ओझं घेऊन जा. तिप्पट चालणं. त्यात उतरवणं, चढवणं, निसरड्या दगडांवर तोल सांभाळणं. दोन लहान पोर्टेजना मिळून दीड तास सहज जातो. लेक टू, थ्री आणि फोर ही तळी मात्र पाण्यानेच जोडलेली आहेत, मध्ये काही उचलावं लागत नाही. पुढे लेक फोर ते हडसनमध्ये तीन लहान पोर्टेज आणि हडसन ते इन्सुला १०५ रॉडचं एक, म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या वर. हे सगळं पहिल्या दिवशी करायला गेलात तर काळोखात तंबूची जागा शोधत बसाल. सप्टेंबरअखेर संध्याकाळी सातच्या सुमारास सूर्य मावळतो.

म्हणून लेक थ्री किंवा लेक फोरवर चार रात्री एकच तळ ठेवा. मुक्काम नेमून दिलेल्या जागांवरच करायचा असतो. नकाशावर त्या ठिपक्यांनी दाखवलेल्या असतात आणि जागेवर लोखंडी चूल आणि मागे झाडीत शौचाचं खोकं असतं. त्या आधी येणाऱ्याला मिळतात, म्हणून दुपारी दोन-अडीचपर्यंत जागा धरायचीच. पहिली चांगली जागा रिकामी दिसली की घ्या, पुढची याहून बरी असेल या आशेवर वल्हवत राहू नका.

लेक वनवर एक फसवी गोष्ट आहे. धक्क्यावरून निघाल्यावर खाड्या, बेटं आणि पाण्यात घुसलेले जमिनीचे सुळके इतके एकसारखे दिसतात की पुष्कळ लोक पहिल्या तासाभरातच वाट चुकतात. पुढे बसलेल्याने नकाशा मांडीवर ठेवून प्रत्येक वळणावर बोट सरकवत न्यायचं. नकाशा आणि होकायंत्र दोन्ही कनूंत वेगवेगळे हवेत, फोनवरचा नकाशा तिसरा आधार म्हणून. मदतीसाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारं एक यंत्र भाड्याने घ्या.

हा भाग निवडण्यामागे शिकारीचंही कारण आहे. २०११ साली पगामी क्रीकची आग याच तळ्यांभोवती ९० हजार एकरांहून जास्त जंगल जाळून गेली. त्या जागी आता अ‍ॅस्पेनची दाट, कोवळी झाडी उभी आहे आणि रफ्ड ग्राउजला तीच लागते. खायला अ‍ॅस्पेनच्या कळ्या आणि पानं, लपायला दाटी. पण त्याच आगीत जळालेली झाडं अजून कुठे कुठे उभी आहेत. मुळं कुजलेली असतात आणि वारा नसतानाही ती कोसळतात. तंबू ठोकण्याआधी मान वर करून चारही बाजूंना पाहा. झाड जेवढं उंच, तेवढ्या अंतरात तंबू नको.

मिनेसोटात ग्राउजचा मोसम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. रफ्ड आणि स्प्रूस ग्राउज मिळून दिवसाला पाच पक्षी ही मर्यादा. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत शिकार करता येते. कमरेच्या वर दिसेल असं भगभगीत नारिंगी किंवा गुलाबी वस्त्र कायद्यानेच लागतं, आणि मी म्हणेन की जे शिकार करणार नाहीत त्यांनीही टोपी नारिंगीच घालावी, कारण त्याच दिवसांत अस्वलाची शिकारही चालू असते. तंबूच्या जागेपासून, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही, १५० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण १३७ मीटरच्या आत, गोळी चालवायची नाही. पाण्याच्या पलीकडे रोखूनही नाही. पोर्टेजच्या वाटेवर नळी वाटेच्या दिशेने कधीच नको. वळणापलीकडून डोक्यावर कनू घेतलेला माणूस येतो तेव्हा त्याला समोरचं फक्त चार पावलं दिसत असतं.

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंदच आहे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात बंदूक कधी आलेलीच नसते. म्हणून जंगलात शिकायला सुरुवात करू नका. परवाना हातात आल्यावर सहकाऱ्याबरोबर रेंजवर दोनदा जा. दोन सवयी तिथेच लागायला हव्यात: चापावर बोट फक्त नेम धरल्यावर, आणि बंदूक एकाकडून दुसऱ्याकडे देताना आधी ती उघडून नळी रिकामी असल्याचं दोघांनी बघायचं. झाडीत एका वेळी एकच बंदूक, एकच नेमबाज. दुसरा त्याच्या बरोबरीने, अर्धं पाऊल मागे. ग्राउज पायाजवळून एकदम फडफडाट करत उठतो आणि नवखा माणूस दचकून नळी त्याच्या मागे फिरवतो. ती नळी कुणाच्या अंगावरून जाते हे त्याला कळतही नाही. पहिल्या सहलीत नियम असा ठेवा की पक्षी समोरच्या अर्ध्या वर्तुळातून बाहेर गेला की सोडून द्यायचा. बारा किंवा वीस गेजची (हे नळीचं माप) शॉटगन, साडेसात नंबरचे छर्रे, तीस मीटरच्या आतला नेम, एवढं पुरे. काडतुसं पंचवीस घ्या, पाच दिवसांत तेवढीही संपणार नाहीत. बदकांच्या मागे यंदा लागू नका. त्यांना वेगळे स्टँप आणि शिसं नसलेली काडतुसं लागतात, शिवाय कनूतून गोळी मारणं हे नवख्याचं काम नाही.

कनूत बंदूक रिकामी, तरंगणाऱ्या कव्हरात, आडव्या दांड्याला एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधलेली. काडतुसं वेगळ्या पिशवीत. पोर्टेजवर दोन फेऱ्या करताना अर्धं सामान कुठल्या ना कुठल्या टोकाला एकटं पडलेलं असतं, आणि नेमकं तिथेच लोक चुकतात. बंदूक पहिल्या फेरीत सहकाऱ्याच्या खांद्यावर जाते, त्याच्याबरोबरच परत येते आणि त्याच्याबरोबरच पुन्हा जाते. झाडाला टेकवून ठेवायची नाही.

मारलेला पक्षी लगेच साफ करा. उशीर झाला तर आतड्यांचा वास मांसाला लागतो. छाती सोलल्यावर मांस उजेडाला धरून पाहा. छर्रा जिथून आत गेला तिथे एक बारीक काळपट रेघ दिसते आणि त्या रेघेत पिसाचा तंतू ओढला गेलेला असतो. सुरीच्या टोकाने ती रेघ उघडून पीस आणि छर्रा दोन्ही काढा, नाहीतर पहिल्याच घासाला दात दुखावेल. एक पंख पिसांसकट ठेवा, म्हणजे तपासणीला कुणी आलं तर पक्षी ओळखता येतो. मांसाला चरबी जवळजवळ नसते. थोडं जास्त तेल, ठेचलेला लसूण, तिखट-मीठ, आणि झाकण ठेवून मंद आच. जास्त शिजवलं तर चिवट होतं.

मासे. या तळ्यांत वॉलाय, नॉर्दर्न पाइक आणि स्मॉलमाउथ बास आहेत. सप्टेंबरअखेर वॉलाय खोल सरकतो. पंधरा ते पंचवीस फुटांवर, बुडालेल्या खडकांच्या उतारावर किंवा जिथे एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात शिरतं त्या तोंडाशी शोधा. पाव औंसाचा, म्हणजे ७ ग्रॅमचा जिग (जड डोक्याचा गळ), आठ पौंडी दोरी, तळाला टेकवून वीतभर उचलायचा आणि पुन्हा सोडायचा. वॉलाय ओढत नाही, नुसतं जड लागतं. संध्याकाळचा शेवटचा तास सगळ्यात चांगला. कनू वाऱ्यावर वाहत जाते म्हणून जाळीच्या पिशवीत दगड भरून पंधरा मीटर दोरीला बांधा, नांगर तयार. पाइकला स्पून (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) आणि दोरी व आमिषाच्या मध्ये तारेचा तुकडा, म्हणजे लीडर, कारण त्याचे दात साधी दोरी कापतात. तिकोनी गळांच्या टोकांमागचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करून टाका. दोन-तीन किलोचा पाइक कनूच्या तळात उड्या मारायला लागला की तो गळ माशातून सुटून माणसाच्या पोटरीत शिरतो, आणि तिथून डॉक्टर एका दिवसाच्या अंतरावर आहे. लांब पकड, तार कापायची कात्री आणि जाळं प्रत्येक कनूत हवंच. वजनाला शिशाऐवजी टंगस्टन किंवा कथिल वापरा. लून पक्षी तळातले शिशाचे तुकडे खडे समजून गिळतात आणि मरतात.

किती आणि केवढे मासे ठेवता येतात ते त्या वर्षीच्या छापील पुस्तिकेतून पाहा, ती बरोबर न्या आणि एक मोजपट्टी कनूला चिकटवा. या भागात ३० ते ४० इंचांमधला प्रत्येक पाइक परत सोडावा लागतो, तो फोटोत कितीही देखणा दिसला तरी. स्मॉलमाउथ शरद ऋतूत पकडून सोडायचाच मासा आहे. जेवणासाठी मध्यम वॉलाय ठेवा. त्याचा काटा सोपा, मांस पांढरं. पाइकमध्ये इंग्रजी वाय आकाराच्या काट्यांची रांग असते. कोकणातल्या काटेरी माशांची सवय असलेल्यांना ती जड जाणार नाही, पण कंदिलाच्या उजेडात खाऊ नका. आगळ प्लॅस्टिकच्या बाटलीत, तांदळाचं पीठ आणि रवा अर्धा-अर्धा, हळद, तिखट, मीठ. चौघांच्या दोन वेळच्या तळणीला पाव लिटर तेल पुरतं. उरलेलं तेल पाण्यात किंवा जमिनीवर ओतायचं नाही, गार झाल्यावर बाटलीत भरून परत आणायचं. डोकी आणि आतडी तंबू, वाट आणि पाणी यांपासून लांब, साठेक मीटर आत जाऊन वीतभर खड्ड्यात पुरा. शौचाच्या खोक्यात टाकलीत तर अस्वल ते उकरेल आणि पुढच्या गटाला त्रास होईल. आमिषाला नेलेली गांडुळं उरली तर तिथे सोडू नका. ती या जंगलातली नाहीत आणि जमिनीवरचा पानांचा थर खाऊन रोपं उघडी पाडतात.

आता शिधा. मासे आणि ग्राउज शून्य मिळतील असं धरून सगळं जेवण न्या. थंड वाऱ्याचे दोन दिवस आले तर तुम्ही तळावरून हलणारही नाही, आणि नेमकं तेव्हाच अंगाला जास्त अन्न लागतं. माणशी दिवसाला ७०० ग्रॅम कोरडा शिधा धरा. पहिला नाश्ता आणि शेवटचं जेवण एलीत, म्हणजे चौघांचा मिळून १२ ते १३ किलो होतो. सकाळी पोहे किंवा भाजून नेलेल्या रव्याचा उपमा. दुपारी चूल पेटवायची नाही: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी, दाणे, खजूर. रात्री खिचडी. ती घरीच शिजवून डिहायड्रेटरमध्ये वाळवून नेलीत तर उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटांत फुलते. कच्ची डाळ-तांदूळ शिजवायला गॅस दुपटीने लागतो. मेतकूट आणि तूप न्याच. आजारी वाटणाऱ्या माणसाच्या पोटात मऊ भात-मेतकूट-तूप जातं, तेव्हा थोडा तांदूळही ठेवा. गॅस दिवसाला १५० ग्रॅमच्या हिशेबाने ४५० ग्रॅमची दोन नळकांडी. पहाटे गारठ्यात गॅसचा जोर उतरतो, तेव्हा नळकांडं रात्री झोपण्याच्या पिशवीत पायाशी ठेवा. पाणी गाळून किंवा एक मिनिट खळखळ उकळूनच.

अन्न, टूथपेस्ट, मसाले, कचरा आणि साफ केलेली शिकार रात्री अस्वलाच्या आवाक्याबाहेर हवी. नियम असा की जमिनीपासून किमान १२ फूट वर आणि खोडापासून ६ फूट दूर टांगायचं, नाहीतर प्रमाणित अस्वलरोधक डब्यात ठेवायचं. तुमच्या भागात जळालेल्या जंगलामुळे टांगण्याजोगी फांदीच मिळत नाही, म्हणून डबेच भाड्याने घ्या. निळं प्लॅस्टिकचं पिंप सगळीकडे मिळतं, पण ते प्रमाणित नसतं. हे विचारून घ्या.

शेवटी पाणी, आणि तुमच्या न पोहणाऱ्या मित्राचा प्रश्न. तो जाऊ शकतो, अटींवर. त्या दिवसांत तळ्याचं पाणी साधारण १२ ते १५ अंश असतं. त्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात येत नाही, धाप लागते आणि तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच घात होतो. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत हाताची बोटं काम करेनाशी होतात, पट्टीचा पोहणाराही दोरी धरू शकत नाही. म्हणजे पोहता येणं इथे तुम्ही समजता तेवढं उपयोगी नाही. लाइफ जॅकेट उपयोगी आहे, आणि ते अंगात, बकल लावलेलं. बसायच्या जागेखाली ठेवलेलं जॅकेट नसल्यातच जमा. हा नियम चौघांना सारखा, मासे पकडतानाही, आणि काठावरून उभं राहून लघवी करतानासुद्धा.

मित्राला सहकाऱ्याच्या कनूत पुढे बसवा. जड सामान मध्ये, तळाशी, मागची बाजू किंचित खाली राहील असं. गळाला मासा लागला की उभं राहायचं नाही. दोन कनूंमध्ये हाक ऐकू येईल एवढंच अंतर. लेक थ्री मोकळं आहे, पश्चिमेचा वारा दुपारी चढला की लाटांवर पांढरे फेस दिसू लागतात. फेस दिसले की मधून जायचं नाही, काठाने वळसा घाला किंवा थांबा. निघायचं ते पहाटे. पाचवा दिवस वाऱ्यात अडकण्यासाठी राखीव आहे असं आधीच ठरवा, म्हणजे सोमवारच्या मीटिंगसाठी कुणी लाटांत घुसणार नाही.

ऑगस्टमध्ये मिनिआपोलिसच्याच एखाद्या तळ्यावर, पाणी कोमट असताना, चौघांनी दोन कनू भाड्याने घेऊन मुद्दाम उलटवा. उलटलेली कनू दुसरीच्या काठावर आडवी ओढून पाणी ओतायचं, सरळ करायची आणि माणसाला मधल्या भागातून आत घ्यायचं. हे तीनदा केल्यावर मित्राची भीती जाईल, किंवा कळेल की ती जात नाही. दुसरं झालं तर त्याला या वर्षी नेऊ नका. त्याच दिवशी कनू खांद्यावर चढवायचाही सराव करा. एकाने पुढचं टोक उंच धरायचं, दुसऱ्याने आत शिरून मधल्या आडव्या दांड्याच्या गाद्या खांद्यावर घ्यायच्या. केव्हलरची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) अठरा फुटी कनू १९-२० किलोची असते, अ‍ॅल्युमिनियमची तीसच्या वर. भाडं जास्त पडलं तरी केव्हलरच घ्या, पण ती खडकावर ठेवायची नसते. गुडघाभर पाण्यात उतरूनच सामान भरा-उतरवा.

सुती कपडे, जीन्ससकट, घरी. लोकर किंवा सिंथेटिक, आणि प्रत्येकाचा एक पूर्ण कोरडा जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, जो फक्त तंबूतच घालायचा. रात्री पारा तीन-चार अंशांवर येतो, बर्फ भुरभुरलं तरी नवल नाही. निघताना मार्ग, तळाची तळी, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ लिहून घरी द्या. ठरल्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी लेक काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला कळवायचं, हे त्याच कागदावर लिहा. कागद अशा माणसाकडे द्या जो खरंच फोन करेल.